प्रार्थना चालू होती आणि मी खुर्च्या मोजत होते

गेल्या वर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका आजारी आजींच्या घरी कॉटेज प्रेअर, म्हणजे घरगुती प्रार्थनासभा, होती. दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही वीस-बावीस जण बसलो होतो. दोन गीतं झाली, वचन वाचून झालं आणि पाळकसाहेबांनी मला प्रार्थना करायला सांगितलं. मी उठले, आजींच्या कपाळावर हात ठेवला आणि डोळे मिटले. शब्द नेहमीसारखे येत गेले. स्तुती, आभार, आरोग्याची मागणी, घरच्यांसाठी सांत्वन. आणि त्याच वेळी माझ्या डोक्यात नाताळच्या कार्यक्रमाच्या खुर्च्या चालल्या होत्या. मांडववाला दीडशे देणार, लागणार दोनशे, उरलेल्या पन्नास शाळेतून मिळतील का, आणल्या तर टेम्पोचं भाडं कोण देणार.

"आमेन" झालं. आजींच्या सुनेचे डोळे भरून आले होते. "ताई, तुम्ही प्रार्थना केली की घरात बरं वाटतं," ती म्हणाली.

आजींचं कपाळ चांगलंच तापलेलं होतं, हे मला रात्री घरी आल्यावर आठवलं. हाताला ते कळलं होतं. मला नव्हतं.

प्रार्थनेत मन भरकटतं, हे प्रत्येक विश्वासणाऱ्याला माहीत आहे. मला त्याची भीती वाटली नाही. भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. मी तिथे नव्हते आणि कुणाला कळलं नाही. प्रार्थना उत्तम झाली. म्हणजे माझ्याशिवायही माझी प्रार्थना चालते, इतकी मी तरबेज झाले होते. आणि हे किती वर्षांपासून चाललंय, याचा मला अंदाज लागेना.

आज हे लिहिते आहे, कारण मला खात्री आहे की मी एकटी नाही. आमच्या मराठी मंडळ्यांमध्ये माझ्यासारख्या पुष्कळ जणी आहेत, पुष्कळ जणही आहेत. मी शाळेत शिकवते. अकरा वर्षं महिला मंडळाची सेक्रेटरी होते. शिवाय क्वायर, संडे स्कूल, मे महिन्यात व्ही.बी.एस. (मुलांची सुट्टीतली बायबल शाळा), हंगामाचा सण (पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा), उपवास-प्रार्थनेचा चहा. यातलं एकही काम वाईट नाही. मी ती प्रेमाने अंगावर घेतली होती, हेही खरं. पण वर्षाच्या शेवटी अहवाल लिहिताना "या वर्षी मंडळाची आत्मिक वाढ झाली" असं वाक्य मी दरवर्षी घालत असे आणि त्याखाली सभांची संख्या लिहीत असे. आत्मिक वाढ मोजायची आमची पद्धत ती. किती सभा, किती हजेरी, किती वर्गणी. माणसाबद्दलही तेच. जो जास्त धावतो तो आत्मिक, असा हिशेब आम्ही न बोलता मान्य केलेला आहे.

प्रभू येशूने वाढीबद्दल सांगितलेला एक दाखला बायबलमध्ये मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात आहे, फक्त चार वचनांचा. दुसऱ्या कुठल्याच शुभवर्तमानात तो नाही. माणूस जमिनीत बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी रुजतं, वाढतं. कसं, ते त्याला कळत नाही. जमीन आपोआप पीक देते. आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. संडे स्कूलमध्ये मी हा दाखला कितीदा शिकवला असेन. पुठ्ठ्याचं कणीस कापून मुलांना दिलं आहे. पण शेतकरी झोपतो, हे देवाच्या राज्याच्या वर्णनात का आलं असेल, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

माझं माहेर नगर जिल्ह्यात, शेवगाव तालुक्यात. काळी जमीन, रब्बीची ज्वारी. पेरणी पाऊस सरता सरता होते आणि मग ते पीक सगळा हिवाळा जमिनीत मुरलेल्या ओलीवर काढतं. वरून पाणी जवळजवळ नाहीच. माझे चुलते, त्यांना आम्ही नाना म्हणतो, कोळपणी, म्हणजे पिकाच्या ओळींमधली वरवरची मशागत, चुकवत नाहीत. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं आमच्याकडे म्हणतात. पण कोळपं फिरवून झालं की माणसाच्या हातात काही उरत नाही. ज्वारी पोटरीत येते, म्हणजे कणीस पानाच्या आत भरतं, ते तिच्या वेळेला. कणीस निसवतं, बाहेर पडतं, ते रात्रीत कधीतरी. लहानपणी मी एकदा पोटरी सोलून आत कणीस तयार झालंय का ते बघितलं होतं. आजी रागावली नाही. एवढंच म्हणाली, "आता ते ताट गेलं."

त्या डिसेंबरच्या रात्रींत मी एलीया संदेष्ट्याची गोष्ट पुन्हा वाचली. बायबलमधलं पहिले राजे हे पुस्तक, एकोणिसावा अध्याय. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरला, दुष्काळ संपला, पाऊस आला, एवढी मोठी सेवा झाली, आणि लगेच पुढच्या पानावर हा माणूस रानात एका रतामाच्या झुडपाखाली बसून देवाला म्हणतो, आता पुरे, माझा जीव घे. देव त्याला काय देतो? उपदेश नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. तो खातो, पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवतो तेव्हाही म्हणतो, खा, पल्ला लांबचा आहे. थकलेल्या सेवकावर देवाचा पहिला इलाज जेवण आणि झोप हा आहे. हे पवित्र शास्त्रात इतकं स्पष्ट लिहिलेलं असूनही आम्ही थकलेल्या माणसाला "आणखी प्रार्थना कर" असं सांगतो.

पण मी अडकले ती त्याच्या पुढच्या बोलण्यावर. होरेब डोंगरावर देव विचारतो, एलीया, तू इथे काय करतोस? तो म्हणतो, मी फार आवेशाने काम केलं आणि आता मी एकटाच उरलो आहे. मग वारा येतो, भूकंप येतो, अग्नी येतो, आणि शेवटी ती शांत, मंद वाणी. देव तोच प्रश्न पुन्हा विचारतो. आणि एलीया पहिल्यासारखंच उत्तर देतो, जसंच्या तसं. एवढं सगळं समोर घडलं तरी त्याचं पाठ केलेलं वाक्य हललं नाही. मी एकटाच उरलो आहे.

हे वाक्य माझं होतं. मी ते कधी उच्चारलं नव्हतं, पण प्रत्येक कमिटीत तेच घेऊन बसत होते. मी नसले तर यादी कोण करणार. मुलांचं नाटक कोण बसवणार. देव एलीयाला सांगतो की इस्राएलात माझे सात हजार आहेत. आणि त्याच भेटीत सांगतो की जा, अलीशाला तुझ्या जागी अभिषेक कर. या ओळी मी दोनदा वाचल्या आणि शास्त्र मिटून ठेवलं, कारण माझ्या जागी कुणाला नेमायचं, ते नाव मला त्याच क्षणी सुचलं होतं आणि ते मला नको होतं.

जानेवारीत मी पाळकसाहेबांना भेटून सांगितलं, राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानदिनापर्यंत (ईस्टरपर्यंत), म्हणजे लेंटच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात, मी एकही जबाबदारी घेणार नाही. उपासनेला येईन, बसेन, ऐकेन, प्रभुभोजन घेईन, घरी जाईन. आणि महिला मंडळाचं रजिस्टर त्या रात्री जिचं नाव सुचलं होतं त्या तिशीतल्या मुलीकडे देईन, कायमचं. ती हुशार आहे, मनाने चांगली आहे. पण वेळ पाळत नाही आणि हिशेब फोनमध्ये ठेवते, याचा मला राग होता.

आमच्याकडे कुणी काम सोडलं की मंडळी एकच प्रश्न विचारते. "कुणी काही बोललं का?" आठवडाभर फोन येत होते. रुसणं आम्हाला कळतं, आजारपण कळतं. विसावा हे कारण कुणाच्या घशाखाली उतरत नव्हतं. एका ज्येष्ठ बहिणींनी प्रेमानेच विचारलं, "मग तू आता प्रभूसाठी काय करणार?" मला उत्तर देता आलं नाही.

ते चाळीस दिवस सुखाचे गेले, असं मी म्हणणार नाही. पहिले दोन आठवडे मी चिडचिडी होते. सकाळी अर्धा तास नुसतं बसायचं ठरवलं होतं. दहाव्या मिनिटाला हात फोनकडे जायचा. शांत बसल्यावर देवाची वाणी ऐकू येईल असं वाटलं होतं. ऐकू आली ती माझीच जुनी भांडणं. चार वर्षांपूर्वी मला न विचारता बदललेला कार्यक्रम. माझ्या वडिलांच्या अंत्यविधीला न आलेले एक जण. इतक्या कामांच्या खाली हे सगळं तसंच पडून होतं. तेव्हा कळलं की माझी धावपळ काय झाकत होती. क्षमा करायची राहिली होती, आणि सेवा करत राहिल्याने ती केल्यासारखी वाटत होती.

समर्पण हा शब्द आम्ही फार वापरतो. शिबिरात शेवटच्या रात्री समर्पणाचं गीत सुरू होतं आणि तरुण पोरं पुढे जातात. मीही तीन वेळा गेले आहे आणि तिन्ही वेळा मनापासून गेले. पण मी दर वेळी प्रभूला माझे हात दिले, माझा वेळ दिला, गळा दिला. माझा हक्क दिला नव्हता. काम नीट व्हावं म्हणजे माझ्या पद्धतीने व्हावं, हा हक्क.

या काळात मला पंडिता रमाबाई फार जवळच्या वाटल्या. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. १८८९ च्या मार्चमध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. विधवा मुलींसाठी रात्रंदिवस राबणारी ही बाई. आणि तिने पुढे आपल्या साक्षीत लिहून ठेवलं की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी मला कळलं, मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता. ती आठ वर्षं मोजून बघा. शारदा सदनाची पहिली धावपळ त्यातच येते. सेवा जोरात चालू असताना ख्रिस्त अजून भेटलेला नसू शकतो, हे रमाबाईंनी स्वतःबद्दल सांगितलं आहे. माझ्याबद्दल ते मान्य करायला मला कसली लाज?

कुणी म्हणेल, पण रमाबाई त्यानंतर थांबल्या कुठे? खरं आहे. दुष्काळातल्या मुलींना घेऊन केडगावचं मुक्ती सदन त्यानंतरच उभं राहिलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून मराठी बायबलचं भाषांतर त्यांनी केलं, १९२२ मध्ये देह ठेवेपर्यंत त्याच कामात होत्या. म्हणून मी सगळ्यांना कामं सोडा असं सांगत नाही. "माझं जू आपल्यावर घ्या," असं प्रभू भाराक्रांतांना सांगतो, म्हणजे विसाव्याच्या बोलावण्यातही जू आहेच. नांगर तोच असेल. जोडीला कोण आहे, एवढाच माझा प्रश्न होता.

मार्कच्या सहाव्या अध्यायात शिष्य सेवा करून परत येतात आणि काय काय केलं ते सगळं येशूला सांगतात. आमच्या अहवालासारखंच. येणाऱ्या-जाणाऱ्यांची इतकी गर्दी की त्यांना जेवायलाही सवड नाही. तो त्यांना आकडे विचारत नाही. एकांती चला, थोडा विसावा घ्या, म्हणतो. पुढे लोक पाठलाग करत तिथेही पोचतात आणि त्याला त्यांचा कळवळा येतो, हेही लिहिलेलं आहे. विसावा मोडतो. पण त्याने बोलावलं होतं.

एक गोष्ट मला विसाव्यातच दिसली आणि ती लिहिताना मला अजून टोचते. आमचा रविवार. उपासना, मग घरी मटण, मग पाहुणे. आमच्या घरी भांड्यांना येणाऱ्या मावशींना मी रविवारी मुद्दाम लवकर बोलवायचे, कारण मला साडेनवाच्या उपासनेला वेळेवर पोचायचं असायचं. विसाव्याच्या दिवसाची आज्ञा बायबलच्या निर्गम या पुस्तकात पुन्हा येते, तिथे कारण दिलं आहे: तुझ्या बैलाला, गाढवाला विसावा मिळावा, तुझ्या दासीच्या मुलाचा आणि परक्याचा जीव ताजा व्हावा. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १० जून १८९० ला मिळाली, तीही नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षं झगडल्यावर. लोखंडे सत्यशोधक, ख्रिस्ती नव्हते. पण आज्ञेतला कामकऱ्यांचा भाग त्यांच्या झगड्यात आहे आणि माझ्या घरात नव्हता. आता मावशींना रविवारी पगारी सुट्टी आहे. पहिल्या रविवारी त्यांनी मला दोनदा विचारलं, "खरंच येऊ नको ना?"

लेंटच्या सुरुवातीलाच एका शनिवारी मी नानांकडे जाऊन आले. ज्वारीची काढणी चालू होती. मी बांधावर बसून राहिले. कुणी मला काही काम सांगितलं नाही. दुपारी नाना शेजारी येऊन बसले. एक कणीस हातावर चोळून त्यांनी दाणे माझ्या ओंजळीत टाकले आणि पाण्याला गेले. मी त्या दाण्यांवर हात मिटून प्रार्थना केली. त्या दिवशी डोक्यात एकही खुर्ची नव्हती.

या महिन्यात आमच्याकडे हंगामाचा सण झाला. नानांनी दोन पायली ज्वारी पाठवली होती. नव्या सेक्रेटरीने अर्पणात आलेल्या वस्तूंच्या लिलावाची टेबलं डाव्या बाजूला लावली होती. तिथे ऊन येतं, अकरा वर्षांत मी ती कधी तिकडे लावली नाहीत. लिलाव अर्धा तास उशिरा सुरू झाला. ऊन आलंच. भोपळे, केळीचे घड, अंडी, सगळं उन्हात. मी मागून तिसऱ्या बाकावर बसले होते. आजारातून उठलेल्या त्या आजी शेजारी होत्या. त्यांनी माझा हात हातात घेतला होता आणि सुनेबद्दल काहीतरी सांगत होत्या. मी उठले नाही. त्यांचा हात थंड होता, जरा खरखरीत, आणि त्या बोलताना अंगठ्याने माझ्या मनगटावर ताल धरत होत्या.