गनिमी काव्याचे श्रेय आणि रयतेचा विसर

व्हिएतनामने अमेरिकेला हरवले ते शिवछत्रपतींच्या गनिमी काव्याचा अभ्यास करून, आणि तेथील राष्ट्राध्यक्षांच्या समाधीवर ते महाराजांचे मावळे असल्याचे कोरलेले आहे, असा मजकूर शिवजयंतीच्या सुमारास महाराष्ट्रातून माझ्यापर्यंत हमखास पोहोचतो. तो खरा की खोटा यावर नातेवाइकांत वादही रंगतो. मी हनोईत राहतो. येथे बा दिन्ह चौकातील ज्या वास्तूत हो चि मिन्ह यांचे पार्थिव जतन केले आहे, तिच्या दर्शनी भागावर ‘अध्यक्ष हो चि मिन्ह’ एवढीच अक्षरे आहेत.

असा दावा येथील शेजाऱ्यांपुढे मांडण्याचा मला संकोच वाटतो, कारण त्यामुळे त्यांच्या पूर्वजांचे कर्तृत्व आपण नकळत आपल्या नावावर जमा करतो. हनोईच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात बाक दांग नदीतील काळवंडलेले लाकडी खांब ठेवलेले आहेत. 1288 मध्ये त्रान हुंग दाव या सेनापतीने असे टोकदार खांब पात्रात रोवून ठेवले, माघारी निघालेल्या मंगोल आरमाराला भरतीच्या पाण्यात त्यांच्यापर्यंत ओढून आणले आणि ओहोटी लागताच उलट हल्ला चढवला, तेव्हा जहाजे त्या खांबांवर अडकून फुटली. महाराजांच्या जन्माच्या सव्वातीनशेहून अधिक वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

तरीही दोन्ही परंपरांत एक खरे साम्य आहे, आणि आपल्या वादांत नेमके तेच निसटते. 1300 मध्ये मृत्युशय्येवर असलेल्या त्रान हुंग दाव यांनी राजाला सल्ला दिला तो प्रजेचे बळ राखण्याचा. राज्यरक्षणाचा तोच उत्तम उपाय, असे त्यांचे मत होते. 1944 मध्ये काओ बांगच्या जंगलात पुढे व्हिएतनामचे सेनापती झालेल्या व्हो न्गुयेन झाप यांनी अवघ्या 34 जणांची तुकडी उभारली, तेव्हा तिच्या शपथेतही लोकांना धमकावू नये, त्यांची वस्तू घेऊ नये, त्यांना त्रास देऊ नये, असे बंधन होते.

1670 च्या दशकात चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना गेलेले महाराजांचे पत्र याच जातीचे आहे. पावसाळ्यासाठी राखलेला दाणागोटा आताच उधळलात, तर लष्कर कुणब्यांच्या घरचे धान्य, गवत, लाकूडफाटा आणि भाजीपाला ओढून आणू लागेल आणि मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट असे लोकांना वाटेल, अशी त्यात कडक ताकीद आहे. उंदराने दिव्याची वात ओढून नेली तर गवताच्या गंजी पेटतील, इथपर्यंत त्यांची नजर गेली होती. 1661 मध्ये उंबरखिंडीत मोगल सरदार कारतलबखानाची कोंडी झाली, तिचे वर्णन आपण कडेकपारींच्या आधारे करतो. परंतु अशा कोंडीसाठी शत्रूच्या वाटचालीची बातमी वेळेवर लागावी लागते, आणि दुखावलेले गाव ती बातमी देत नाही.

नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी 1742 पासून दशकभर बंगालवर स्वाऱ्या केल्या, तेव्हाही घोडदळ तसेच चपळ होते आणि झडपही तशीच होती, पण तेथील गावे लुटली गेली आणि बर्गींची, म्हणजे या मराठा स्वारांची, धास्ती बंगाली अंगाईगीतांत उतरली. या स्वाऱ्यांचा विषय टाळून केवळ युद्धतंत्राचा अभिमान मिरवणे मला मान्य नाही, कारण चिपळूणच्या पत्रातील ताकीद धाब्यावर बसवली तर त्याच तंत्राचे काय होते, हे त्या स्वाऱ्यांतच दिसते.