‘फी घेऊन उपदेश’ : एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या एका मुलीच्या बाबांनी व्हॉट्सॲपवर एक मजकूर पाठवला. खाली एकच ओळ : ‘मॅडम, हे खरं असेल तर थांबवू या का?’ तोच मजकूर नंतर आणखी तीन ग्रुपवर दिसला. थोडक्यात तो असा : समुपदेशन म्हणजे फी घेऊन केलेला उपदेश. लहान मुलांशी हे लोक नुसते खेळतात. वयात आलेल्या मुलांना शिस्त लागते, समुपदेशन नाही. मोठ्यांनी मित्राजवळ मन मोकळं केलं की पुरे. आणि आमच्या पिढीला आजी होती, तिच्याकडे कुठली डिग्री होती?

बाबांशी मी फोनवर बोलले. पण हे वाचून मुलांचे उपचार थांबवण्याच्या विचारात असलेले ते एकटेच नसणार, म्हणून इथे लिहिते आहे.

‘उपदेश’ हा गैरसमज शब्दानेच करून दिला आहे. समुपदेशन म्हटलं की त्यात उपदेश आलाच, असं वाटतं. पालक मुलाला खोलीत आणतात आणि म्हणतात, ‘याला जरा समजावून सांगा.’ अहो, समजावून सांगणं घरी झालेलं असतं, शाळेत झालेलं असतं, मामाकडेही झालेलं असतं. त्याने भागलं असतं तर ते मूल माझ्यापर्यंत आलंच नसतं. त्रास कशामुळे सुरू होतो आणि कशामुळे टिकून राहतो, हे आधी शोधावं लागतं. मग वय पाहून पद्धत ठरते. सात वर्षांच्या मुलीसाठी जे करायचं ते सतरा वर्षांच्या मुलासाठी चालत नाही, आणि सत्तेचाळीस वर्षांच्या माणसासाठी तर नाहीच.

‘लहान मुलांशी नुसते खेळतात.’ खेळतो, हे खरं आहे. ‘नुसते’ हा शब्द चुकीचा आहे. पहिली-दुसरीतलं मूल ‘मला भीती वाटते’ असं म्हणत नाही, ‘पोटात दुखतंय’ म्हणतं. त्याला जे शब्दांत सांगता येत नाही ते भातुकलीत, मातीत, बाहुल्यांच्या भांडणात दिसतं. आणि खेळाआड एक ठरलेली वाट असते. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या, जेमतेम तीन वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं. त्याला सशाची भीती वाटायची. पांढरा उंदीर, फरचा कोट, कापूस, पिसं यांचीही. त्याला कोणी ‘ससा काही करत नाही रे’ असं सांगत बसलं नाही. सशाला न घाबरणारी मुलं त्याच्यासोबत ठेवली. पीटर आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा लांबून थोडा थोडा जवळ आणला, त्याला सोसेल तेवढाच. शेवटी सशाने त्याची बोटं कुरतडली तरी तो शांत होता. मुलांच्या भीतीवरचे आजचे उपचार याच पायऱ्यापायऱ्यांच्या वाटेने जातात.

या मुद्द्यात आणखी एक गोष्ट सुटली आहे. लहान मुलांच्या बाबतीत बरंचसं काम आईबाबांसोबत होतं. सतत हट्ट, मारामारी, उलट बोलणं असेल तर ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचना ३ ते ११ वयाच्या मुलांसाठी पालकांचंच प्रशिक्षण सुचवतात. ‘शहाणा आहेस’ याऐवजी ‘दप्तर जागेवर ठेवलंस, छान केलंस’ असं नेमकं कौतुक करायचं. आई ‘नाही’ म्हणाली की बाबांनी ‘हो’ म्हणायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. रोज संध्याकाळी दमून घरी आल्यावर ते पाळणं किती कठीण आहे, हे करून पाहिलेल्या पालकांना विचारा.

‘वयात आलेल्यांना शिस्त.’ पंधरा वर्षांचा मुलगा आईसमोर माझ्याशी बोलत नाही, तो मोबाइलच्या कव्हरची कड नखाने सोलत बसतो. आईला बाहेर बसायला सांगितलं आणि इथलं बोलणं इथेच राहील म्हटलं की वीसेक मिनिटांनी पहिलं वाक्य येतं. त्याच वेळी अपवादही सांगते : तुझ्या जिवाला धोका असेल तर घरी सांगावंच लागेल, आणि लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हा करार आधीच स्वच्छ असला की मुलं विश्वास टाकतात. शिस्त हवीच, पण नैराश्याला शिस्तीचं औषध लागू पडत नाही.

इथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. नुसतं बोलणं प्रत्येक वेळी पुरत नाही. अमेरिकेत १२ ते १७ वयाच्या, नैराश्य असलेल्या ४३९ मुलांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००४ साली आले. बारा आठवड्यांनी औषध आणि विचार-वर्तन उपचार (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा बोलण्याचा उपचार) एकत्र मिळालेल्यांपैकी ७१ टक्के मुलं सुधारली, नुसत्या औषधाने ६१, नुसत्या बोलण्याच्या उपचाराने ४३ आणि औषध नसलेल्या गोळीने ३५. म्हणून गंभीर नैराश्य दिसलं की मी मुलाला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. जो समुपदेशक कधीच कोणाला पुढे पाठवत नाही, त्याच्याबद्दल शंका घ्या.

‘मित्राजवळ मन मोकळं केलं की पुरे.’ मित्र असावेतच. पण याचं उत्तर आपल्या शेजारी, गोव्यात आहे. तिथल्या ‘संगत’ संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या प्रौढांना ६ ते ८ भेटींचा उपचार दिला. देणारे डॉक्टर नव्हते, पदवीधर मानसशास्त्रज्ञही नव्हते, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. भर मन मोकळं करण्यावर नव्हता. उदास माणूस एकेक काम सोडत जातो आणि कामं सुटली की आणखी उदास होतो. ही साखळी तोडण्यासाठी रोज एक लहानसं ठरवलेलं काम पुन्हा सुरू करायचं. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांतले ३९ टक्के. डिग्रीच सर्वस्व नाही, हे फॉरवर्डचं म्हणणं इथे अर्धं खरं ठरतं. पण त्या माणसांकडे शिकलेली पद्धत होती आणि त्यांच्या कामावर देखरेख होती.

राहिली आजी. माझी आजी सगळं ऐकून घ्यायची, तिच्या मांडीवर मीही रडले आहे. पण तिचीच धाकटी जाऊ बाळंतपणानंतर कित्येक महिने कोणाशी बोलली नाही. तिला घरात ‘घुमी’ म्हणत. आजीने तिला तूप-भात भरवला, नजर काढली, जवळ घेतलं. याहून जास्त काय करायचं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

बाबांनी पुन्हा विचारलं, ‘मग चालू ठेवू या ना?’ त्यांची मुलगी दुसरीत आहे. गेटपाशी कुत्रा अंगावर धावून आला तेव्हापासून तिने खाली खेळायला जाणं सोडलं होतं. आधी कुत्र्याची चित्रं रंगवली, मग आवाज बंद करून व्हिडिओ पाहिले, मग गॅलरीतून खालची कुत्री मोजली. उद्या वाण्याच्या दुकानापाशी झोपणारा म्हातारा कुत्रा रस्त्याच्या अलीकडून पाहायचा आहे. तिला नको वाटलं तर तिथूनच परत फिरायचं. सोबत बाबांनी यायचं आहे, आणि येताना तिच्या आवडीच्या बिस्किटांचा पुडा आणायचा आहे.