‘प्रोटॉन थेरपीने त्वचेला धक्काही लागत नाही’ : एका दाव्याचा प्रतिवाद

स्तनाच्या कर्करोगासाठी प्रोटॉन थेरपी (नेहमीच्या क्ष-किरणांऐवजी प्रोटॉन या कणांचा झोत वापरणारा किरणोपचार) घेणाऱ्या रुग्णांमध्ये एक संदेश बराच फिरतो आहे. त्याचा आशय असा : प्रोटॉन नेमके गाठीपाशी थांबतात, म्हणून त्वचेला धक्काही लागत नाही, तरीही त्वचा लाल झाली तर उपचारात चूक झाली असे समजावे, आणि खबरदारी म्हणून त्या भागाला पाणी न लावता कोरफडीचा गर चोपडत राहावे. यातले पहिले वाक्य अर्धे खरे आहे आणि बाकीचा संदेश त्या अर्ध्या सत्याच्या भांडवलावर चालतो.

प्रोटॉन ठरावीक खोलीवर थांबतात आणि त्यांची बरीचशी ऊर्जा प्रवासाच्या शेवटी, ज्याला ब्रॅग शिखर म्हणतात तिथे, बाहेर पडते, हे निर्विवाद आहे. पण असे एक शिखर फारच अरुंद असते. संपूर्ण स्तन किंवा छातीची भिंत व्यापायची तर निरनिराळ्या ऊर्जेची अनेक शिखरे एकामागे एक रचावी लागतात आणि त्या प्रत्येकाचा वाटेतला डोस त्वचेवर साचत जातो. शिवाय इथे उपचाराचे क्षेत्र त्वचेच्या लगतच सुरू होते, त्यामुळे तिला मिळणारा डोस आतल्या डोसच्या बराच जवळ जातो. याउलट नेहमीच्या ६ मेगाव्होल्ट क्ष-किरणांचा डोस पृष्ठभागावर कमी असतो आणि सुमारे दीड सेंटिमीटर खोलीवर कमाल पातळी गाठतो. (त्वचेवर मुद्दाम बोलस, म्हणजे पृष्ठभागावरचा डोस वाढवणारा ऊतीसारख्या पदार्थाचा थर, ठेवला तर मात्र ही सवलत संपते.) तेव्हा त्वचेच्या बाबतीत निसर्गतः उजवे आहेत ते क्ष-किरण. प्रोटॉनचा लाभ स्तनाच्या मागे असलेल्या हृदयाला आणि फुप्फुसाला होतो, आणि तो मोलाचा आहे. पण तो त्वचेच्या खात्यावर जमा करता येत नाही.

त्वचा लाल झाली म्हणजे चूक झाली, हा निष्कर्ष म्हणूनच टिकत नाही. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लाली येते. सावळ्या त्वचेवर ती काळपटपणाच्या रूपात दिसते. पुढे कोरडी सालपटे निघतात आणि स्तनाखालच्या घडीत किंवा काखेत, जिथे त्वचा त्वचेवर घासते, तिथे ओलसर सोलवटणेही होऊ शकते. उपचार संपल्यानंतर आठवडा-दोन आठवडे त्रास वाढलेला राहतो आणि मग बहुतेकांची त्वचा काही आठवड्यांत भरून येते. संदेशावर विसंबून घाबरलेला रुग्ण मध्येच उपचार सोडून देईल, हा त्यातला सर्वांत मोठा धोका आहे.

त्रास कमी करण्याचे उपाय आहेत आणि त्यांची सुरुवात नियोजनाच्या टेबलावर होते. पेन्सिल बीम स्कॅनिंगमध्ये किरण ठिपक्या-ठिपक्याने दिला जातो. अशा वेळी त्वचेचा वरचा काही मिलिमीटरचा पट्टा वेगळा आखून तिथला डोस आटोक्यात ठेवता येतो. अर्थात त्वचेतच रोग असेल, जसा दाहक प्रकारच्या स्तनकर्करोगात असतो, तर ही मुभा नाही. औषधांपैकी मोमेटासोनसारखे स्टेरॉइड मलम सुरुवातीपासून लावणे आणि त्वचेवर पातळ सिलिकॉन फिल्म चिकटवणे यांना चाचण्यांचा चांगला आधार आहे. या चाचण्या मुख्यतः क्ष-किरणांच्या रुग्णांवर झाल्या, ही मर्यादा लक्षात ठेवावी. मलम किंवा फिल्म आपल्या किरणोपचारतज्ज्ञाला विचारूनच वापरावी.

पाणी न लावण्याचा सल्ला तर जुनाच आहे आणि चाचण्यांनी तो केव्हाच निकालात काढला आहे. कोमट पाणी आणि सौम्य साबणाने हलक्या हाताने धुतल्यास त्वचेची प्रतिक्रिया वाढत नाही. धुऊन झाल्यावर घासू नये, टिपून घ्यावे. कोरफडीने प्रतिक्रिया टळते असे चाचण्यांत खात्रीलायकपणे दिसलेले नाही. उपचाराच्या आधी कशाचाही जाड थर त्वचेवर ठेवू नये, कारण किरणाच्या वाटेत आलेला थर प्रोटॉनची पोहोच बदलतो. त्वचेतून पू किंवा दुर्गंधीयुक्त स्राव येऊ लागला, वेदना झपाट्याने वाढल्या किंवा ताप आला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी कळवावे.