चार मैलांवरची सोयरीक

रग्बी लीगचा, म्हणजे तेरा खेळाडूंच्या रग्बीचा, एखादा क्लब तोट्यात गेला की कुणीतरी नकाशा उघडतं आणि म्हणतं, शेजारचे दोन-तीन क्लब एकत्र करा, प्रेक्षकांची बेरीज होईल. माझ्या मते ही बेरीज शेजाऱ्यांमध्येच सगळ्यात कमी जमते.

एप्रिल 1995 मध्ये माध्यमसम्राट रुपर्ट मरडॉक यांच्या कंपनीने इंग्लंडच्या रग्बी लीगपुढे 7 कोटी 70 लाख पौंड ठेवले. बदल्यात 14 संघांची सुपर लीग आणि उन्हाळी हंगाम. एवढ्या थोड्या जागांत सगळे मावणार कसे? म्हणून यॉर्कशरमधल्या कॅसलफर्ड, फेदरस्टोन आणि वेकफिल्ड या क्लबांचा मिळून ‘काल्डर’ करायचं ठरलं. हल शहरातल्या दोन क्लबांचा ‘हंबरसाइड’. आता ही नावं बघा. काल्डर ही नदी. हंबरसाइड हा 1974 मध्ये सरकारने आखलेला जिल्हा, तिथल्या लोकांना तो कधी आपला वाटलाच नाही आणि 1996 मध्ये तो रद्दही झाला. असल्या नावाने मैदानात कोण ओरडणार?

फेदरस्टोन म्हणजे जेमतेम 15 हजार वस्तीचं कोळसा खाणीचं गाव. 1983 मध्ये याच गावाने चॅलेंज कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हल एफसीला 14-12 असं हरवलं होतं. दोनच वर्षांनी तिथली अॅक्टन हॉल खाण बंद झाली. गावाचं नाव बाहेर घेतलं जाईल असं मग उरलं काय, तर हा क्लब. कॅसलफर्ड तिथून चार-पाच मैलांवर, आणि हाडवैर त्याच्याशीच. लोक रस्त्यावर उतरले, काही आठवड्यांत विलीनीकरणं बारगळली. फेदरस्टोनने याची किंमतही मोजली: सुपर लीगमध्ये तो क्लब आजवर पोहोचलेला नाही. हे लपवण्यात अर्थ नाही.

हलमध्ये शहरातून वाहणाऱ्या नदीच्या पश्चिमेला काळा-पांढरा हल एफसी, पूर्वेला लाल-पांढरा हल केआर. 1980 मध्ये हे दोघेच लंडनच्या वेम्बली मैदानावर चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात भिडले, केआर 10-5 ने जिंकले. शहराबाहेर पडणाऱ्या रस्त्यावर पाटी लागली होती: शेवटचा जाईल त्याने दिवे बंद करावेत. या वैरातच दोन्ही क्लबांचा गल्ला आहे. डर्बीला, म्हणजे या दोघांच्या आपसातल्या सामन्याला, गर्दी होते. विलीनीकरण आधी डर्बीच खातं. वर निम्मे घरचे सामने ‘त्यांच्या’ मैदानावर. पायी जाणाऱ्या माणसाने बस पकडून शत्रूच्या गल्लीत जाऊन टाळ्या वाजवायच्या! तो हंगामाचा पास कशाला घेईल? 2025 मध्ये केआरने चॅलेंज कप, साखळीतलं अव्वल स्थान आणि ग्रँड फायनल, म्हणजे सुपर लीगचा अंतिम सामना, असं तिन्ही जिंकलं. मोठा चषक आला तो 40 वर्षांनी. ‘हंबरसाइड’ झाला असता तर हे कुणाचं म्हणायचं?

विलीनीकरण कधीच चालत नाही असं मात्र नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीकडे बघा, तिथेही वरच्या लीगमधले संघ कमी करायचे होते. 1999 मध्ये सेंट जॉर्ज आणि इलावारा एकत्र आले. दोघांचे रंग लाल-पांढरेच, सेंट जॉर्जचा छातीवरचा लाल ‘व्ही’ राहिला, सामने कोगरा आणि वुलनगाँगमध्ये वाटले. 2010 मध्ये विजेतेपद. बालमेन आणि वेस्टर्न सबर्ब्ज 2000 मध्ये एकत्र आले. काळा रंग दोघांत होताच, त्यात एकाचा नारिंगी, दुसऱ्याचा पांढरा. 2005 मध्ये तेही जिंकले. पण मॅन्ली आणि नॉर्थ सिडनी हे सख्खे शेजारी, सख्खे वैरी. त्यांचा ‘नॉर्दर्न ईगल्स’ तीन हंगामांत आटोपला. रंग जुळेना, मैदानं ब्रुकव्हेल आणि पार गॉसफर्ड. 2003 मध्ये मॅन्ली आपल्या नावाने परतले, नॉर्थ सिडनी वरच्या लीगमधून गेलेच.

साउथ सिडनी या क्लबने विलीनीकरणाला नकार दिला, 1999 मध्ये त्यांना लीगमधून काढलं. मोर्चे निघाले, कोर्टकचेरी झाली, 2002 मध्ये ते परतले आणि 2014 मध्ये 43 वर्षांनी विजेते झाले. गंमत म्हणजे रेडफर्नचं आपलं जुनं मैदान त्यांनी 1987 नंतर सोडलंच होतं. मैदान सोडणं लोक कुरकुरत का होईना सोसतात; हल एफसीनेही आपलं जुनं बुलेव्हार्ड मैदान सोडलंच, पण नव्या मैदानासाठी नदी ओलांडली नाही.

नॉर्थ सिडनीचं अस्वलाचं चिन्ह आणि लाल-काळा रंग 2027 पासून पुन्हा वरच्या लीगमध्ये दिसणार आहेत. पर्थमध्ये, तीन हजारांहून जास्त किलोमीटरवर. मॅन्लीशी मोट बांधण्यापेक्षा मला तरी हे बरं वाटतं. निदान तिथे शेजारी कुणी नाही.