‘भित्र्यांची सोय’ म्हणणाऱ्या विवेकवाद्यांना

मृत्यू आणि पुनरुत्थानाच्या ख्रिस्ती आशेवरच्या माझ्या लेखाखाली ‘एक विवेकवादी’ या नावाने आलेली प्रतिक्रिया काढून टाक, असं दोघातिघांनी सुचवलं. मी ती ठेवली आहे. तिचा गाभा एका वाक्याचा: ‘मरणाची भीती सोसवत नाही म्हणून रचलेली ही भित्र्यांची सोय आहे, अफूची गोळी, ह्यूम तिच्याशिवाय हसतमुखाने मेला.’ बाकी मग नरक, चर्चचा पैसा, प्रार्थना करूनही न वाचलेले रुग्ण. त्या सगळ्याला उत्तर द्यायला रात्र पुरायची नाही, आणि माझ्या लेखात त्यातलं काही नव्हतंच.

ह्यूम, म्हणजे अठराव्या शतकातला, धर्मावर शंका घेणारा स्कॉटिश तत्त्वज्ञ. त्याचं मान्य. 1776 साली, तो जायच्या दीडेक महिना आधी, लेखक जेम्स बॉझवेल त्याला भेटायला गेला. मरण समोर असताना तरी हा माणूस डगमगतो का, हेच त्याला बघायचं होतं. ह्यूम डगमगला नाही. श्रद्धा नसलेली माणसंही धीराने जातात, हे मी कधी नाकारलंय? पण एक माणूस शांतपणे गेला म्हणून दुसऱ्याची श्रद्धा खोटी कशी ठरते, ते विवेकवाद्यांनीच समजावून सांगावं.

आता ‘भित्र्यांची सोय’. रात्री पावणेदोनला परक्या माणसाच्या दुःखाखाली हे लिहिताना तुम्हाला जरासुद्धा अवघडल्यासारखं झालं नाही? असो.

सोयीसाठी गोष्ट रचणाऱ्याने ती जरा बऱ्यापैकी रचली असती हो. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशू घाबराघुबरा होतो, हा दुःखाचा प्याला टळू दे म्हणून देवाला विनवतो, आणि शिष्य तेवढ्यात झोपा काढतात. मेलेल्या मित्राला, लाजराला, आपण उठवणार हे ठाऊक असूनही त्याच्या कबरीपाशी तो रडतो. वधस्तंभावर तर ‘माझ्या देवा, तू मला का सोडलंस’ असा टाहो फोडतो. गोळी विकणारा असले प्रसंग आधी गाळेल. आणि बायबलमधली पत्रं लिहिणारा प्रेषित पौल! मरणाला तो शत्रू म्हणतो, शेवटचा शत्रू. ‘मरण म्हणजे काय, नुसती झोप’ अशी त्याची बोळवण करून तो मोकळा होत नाही. शिवाय स्वतःच सांगतो, ख्रिस्त उठला नसेल तर आमचा विश्वास फुकट, आणि आमच्याइतके कीव करण्याजोगे आम्हीच. स्वतःच्या श्रद्धेवर असा उघड डाव लावणं भित्र्याला जमत असेल, तर भित्र्यांबद्दलचं माझं मत बदलायला हवं.

आणि अफू. सिसिली सॉन्डर्स हे नाव ऐकलंय? बाई आधी नर्स, मग रुग्णालयातल्या सामाजिक कार्यकर्त्या, आणि मरणाऱ्यांच्या वेदनेचं काहीतरी करता यावं म्हणून पुढे डॉक्टर झाल्या. 1967 साली लंडनमध्ये त्यांनी सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांची शुश्रूषा करणारं केंद्र, उभं केलं. पक्क्या ख्रिस्ती होत्या. कळ परत उसळेपर्यंत वाट बघू नका, मॉर्फिन, म्हणजे अफूतूनच काढलेलं वेदनाशामक, ठरल्या वेळी आधीच द्या, यासाठी त्यांनी आयुष्यभर हट्ट धरला. ज्या बाईच्या एका हातात प्रार्थना होती, तिच्याच दुसऱ्या हातात खरीखुरी अफू होती, मोजून मापून.

आता घरचं सांगते. खरं तर सांगायचं नव्हतं, पण तुम्ही भाग पाडलंत. पप्पांच्या शेवटच्या आठवड्यात पाणी गिळवत नव्हतं, ओठ ओल्या कापसाने टिपावे लागत. पाळकांनी नेहमीप्रमाणे बायबलमधलं धीर देणारं 23 वं स्तोत्र काढलं. पप्पांनी हात हलवला आणि पुटपुटले, ‘अठ्ठ्याऐंशी.’ पाळक चपापले. सबंध स्तोत्रसंहितेत इतकं काळवंडलेलं दुसरं स्तोत्र नसेल. शेवटीसुद्धा उजेड नाही, सोबतीला फक्त अंधार उरतो. तरी त्यांनी वाचलं. पप्पा ‘आमेन’ म्हणाले आणि लगेच मला विचारलं, पेन्शनचे कागद सापडले का. पाळक गेल्यावर म्हणाले, ‘भीती वाटते गं. तू आणि तो, दोघं इथेच थांबा.’

ही तुमची गोळी? त्यांची भीती गेली नव्हती, कळही पुरती थांबली नव्हती. ज्याला मरण ठाऊक आहे, जो स्वतः त्यातून गेलाय, असा कुणीतरी उशाशी आहे हा त्यांचा भरवसा होता. तो तुम्हाला खोटा वाटू शकतो. पण तो त्यांना स्वस्तात मिळाला होता असं म्हणायला तुम्ही त्या खोलीत असायला हवं होतं.

तुमची प्रतिक्रिया आहे तिथेच राहील. पुन्हा लिहायचं असेल तर पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय वाचा आणि पुनरुत्थान झालं की नाही यावर भांडा. मी बसते भांडायला. पण माझ्या माणसांच्या हिमतीची मापं काढणारी प्रतिक्रिया यापुढे छापणार नाही.