तिसरा पाय की पाचवा

कोल्हापुरात घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत लॉबस्टर पाळला की पहिला प्रश्न पाण्याबद्दल येत नाही. पाहुणा काचेला नाक लावून वाकतो आणि विचारतो, "ह्याचा रस्सा होतोय काय हो?" दहा सेंटीमीटरच्या जिवाचा रस्सा होत नाही, फार तर वास येईल, हे त्याला पटतं. मग तो सरळ उभा राहतो. "बरं, नर हाय का मादी?" इथं मात्र माझी बोलती बंद होते.

हा रीफ लॉबस्टर, शास्त्रीय घराणं एनोप्लोमेटोपस. कोकणातून येणारी शेवंड वेगळी. तिला नांग्या नसतात. याला पुढं दोन रीतसर नांग्या असतात आणि मुक्काम प्रवाळाच्या कपारीत. लाल अंग, पांढरे ठिपके आणि भरपूर केस असलेला तो ऑक्सिडेंटालिस. फिकट अंगावर जांभळे ठिपके असलेला तो डेबेलियस. हॉल्टहॉइस या डच शास्त्रज्ञानं 1983 साली त्याला हेल्मुट डेबेलियस या जर्मन छायाचित्रकाराचं नाव दिलं. जो प्राणी दिवसा दगडाखालून मिशीसुद्धा बाहेर काढत नाही, त्याला फोटोग्राफरचं नाव!

खेकड्याचं बरं असतं. उलटा केला की पोटावरची झडप दिसते. निमुळती असली तर नर, रुंद असली तर मादी. मंडईतली मावशी हे बोलता बोलता सांगते. लॉबस्टरला ती सोय नाही. त्याच्या पायांच्या बुडाशी बारीक भोकं असतात, ती शोधायची. मादीची तिसऱ्या जोडीच्या बुडाशी, नराची पाचव्या जोडीच्या. नियम एवढाच, आणि तो वाचणारे निम्मे लोक पहिल्याच पायावर चुकतात.

चूक अशी होते. नांगी हा पाय आहे हे घरात कुणाला मान्य नसतं. "तो हात झाला." शास्त्र म्हणतं, ती पहिली जोडी. नांगी सोडून मोजलं तर तुम्ही तिसरी म्हणून बघता ती असते चौथी, आणि तिथं नराला काही नसतं न् मादीलाही काही नसतं. पुढं पाचवी शोधायला जावं, तर पायच संपलेले. मग निकाल निघतो: हा नर नाही, मादी नाही, आणि दुकानदारानं वर एक जोडी कमी दिली. म्हणून मागून मोजावं. शेपटीजवळची सगळ्यात शेवटची जोडी पाचवी. तिथं भोकं दिसली तर नर. नसली तर मधली एक जोडी सोडून पुढच्या जोडीकडं बघायचं. नांगीला हात म्हणा, पाय म्हणा, वाद मिटला.

पण बघायचं कसं? हातात धरायचं नाही. घाबरला की तो नांगी तोडून तुमच्या हातात देतो आणि निघून जातो. कात टाकता टाकता नवी नांगी येते, पण येईपर्यंत तुमच्याकडं बघणाऱ्यांची नजर बदललेली असते. त्यातून हा पळतो उलटा. शेपटीचा एक फटका, आणि गडी मागच्या मागं पसार. पुढून जाळी धरणारा माणूस रात्रभर जाळीच धरून बसतो. पारदर्शक बरणी मागं लावायची, पुढून काडीनं हळूच डिवचायचं. तो आपल्या पायांनी आत येतो. मग बरणी पाण्यासकट उचलून खालून बघायचं. एवढं करून तो नेमका पाय आवळून बसतो, ही गोष्ट वेगळी.

माझ्या मते जिवंत लॉबस्टरच्या वाटेला जाऊच नये. त्याची कात बघावी. एके दिवशी सकाळी टाकीत लॉबस्टर आडवा पडलेला दिसतो, पाठ उघडलेली, डोळे सुने. घरात सुतक लागतं. तो मेलेला नसतो. अंगरखा काढून, मऊ अंगानं, दगडाच्या आत दडलेला असतो. त्याला दोन-तीन दिवस अजिबात छेडू नये, भुकेचीही काळजी नको. कात अख्खी असते, मिशांपासून शेपटीपर्यंत, आणि पायांच्या बुडाची भोकंही तिच्यावर उमटलेली असतात. ती अलगद काढून गोड्या पाण्यात बुचकळायची, काचेच्या ताटलीत उताणी ठेवायची, खालून मोबाईलचा टॉर्च आणि वरून दहापट भिंग. पाय गळायच्या आत मोजून घ्यायचे. बघून झालं की कात टाकीत परत द्यायची. त्यातलं कॅल्शियम त्याला हवं असतं, तो ती कुरतडतो. जपून ठेवायची हौस असेल तर सावलीत वाळवा. गच्चीवर उन्हात ठेवली तर कावळा पुरावा घेऊन जातो. ताटली मात्र स्वयंपाकघरातली घेऊ नये. का, ते एकदा घेतल्यावर कळतं.

दोन नर एका टाकीत म्हणजे कुस्ती, आणि ती निकालीच होते. नर-मादी असली तरी दोघांना एकदमच सोडावं, त्याआधी दगडांची मांडणी बदलावी, म्हणजे घर कुणाचंच राहत नाही. एक आधीपासून असेल तर मध्ये भोकं पाडलेला अ‍ॅक्रिलिकचा पडदा लावून आठवडाभर नुसतं दर्शन. दोन्ही तोंडं उघडी असलेल्या किमान दोन गुहा हव्यात. दोन इंची पीव्हीसी पाईपचे तुकडे चालतात. एकाच तोंडाची गुहा म्हणजे कोंडी. दगड आधी काचेवर बसवायचे, वाळू नंतर टाकायची. वाळूवर दगड ठेवला की हा खालून उकरतो आणि छप्पर स्वतःच्या अंगावर घेतो.

आता पाणी. समुद्र घाटाखाली, म्हणून मीठ इथंच कालवायचं. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत 190 लिटर मावतं, दगड-वाळू जाऊन 160 धरा. लिटरला 35 ते 38 ग्रॅम समुद्री मीठ, म्हणजे सहा किलोच्या आसपास. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. त्यात मॅग्नेशियम-कॅल्शियमचा पत्ता नसतो. आरओच्या पाण्यात घालून पिंपात पंप लावून दिवसभर फिरवायचं, मगच मोजायचं. घनता 1.025, तापमान 24 ते 26. उन्हाळ्यात पाण्यावर पंखा लावला की दोन-तीन अंश उतरतात, पण पाणीही उडून जातं. उडतं ते पाणी, मीठ नाही. भर गोड्या पाण्याचीच घालायची. दरवेळी खारं पाणी ओतणारा महिन्याभरात लोणचं घालतो.

खरा शत्रू तांबं. आणि आमच्याकडं तांब्याचं प्रेम केवढं! हंडा तांब्याचा, कळशी तांब्याची, प्यायचं पाणी रात्रभर तांब्यात. "शुद्ध असतंय, घाल की टाकीत." घालू नये. लॉबस्टरच्या रक्तात तांबंच असतं, हिमोसायनिन नावाच्या प्रथिनात, म्हणून ते रक्त निळसर. तरी पाण्यात उतरलेलं तांबं त्याला विष. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरच्या बऱ्याच औषधांत तांब्याचा क्षार असतो, कित्येकदा मोरचूदच. ते दगडांत मुरतं आणि पुढं झिरपत राहतं, म्हणून ज्या टाकीत एकदा ते पडलं तिथले दगडसुद्धा उसने घेऊ नयेत. डासांची कॉइल आणि झुरळांचा खडू हेही त्याच यादीत; झुरळ आणि लॉबस्टर नात्यातले, औषध दोघांत भेद करत नाही.

पावसाळ्यात आणखी एक गंमत. पंचगंगेला पूर आला की उपसा पंप पाण्याखाली जातात, गावाबाहेर पाणीच पाणी आणि नळाला ठणठणाट. जुलैच्या आत शंभर लिटर आरओचं पाणी आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप तयार ठेवावा. वीज गेली तर लॉबस्टरला अंधाराचं दुःख नसतं, प्राणवायूचं असतं.

एवढं सगळं जमलं तर एखाद्या रात्री लाल कागद लावलेल्या बॅटरीच्या उजेडात मादीच्या शेपटीखाली अंड्यांचा घोस दिसतो. ती पोटाखालचे पाय हलवून त्यांना वारा घालत असते. अंड्यांत काळे डोळे दिसू लागले की दिवस भरत आले. मग फिल्टरच्या तोंडाला स्पंज, फेसातून मळ काढणारा स्किमर बंद, आणि अळ्यांच्या खाऊसाठी आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या बारीक जिवाची तयारी: थंड पेयाची बाटली बुडाशी कापून उलटी टांगायची, लिटरला 25 ग्रॅम मीठ, एक ग्रॅम अंडी, खालून जोरात हवा. दिवसभरात पिल्लं निघतात. टरफलं वर तरंगतात, पिल्लं उजेडाकडं येतात, ती नळीनं ओढून घ्यायची. ताजीच द्यावीत, शिळ्या पिल्लांत कस राहत नाही.

लॉबस्टरच्या अळ्या बाहेर पडतात रात्री. आईसारख्या मुळीच दिसत नाहीत. काचेच्या फुटक्या तुकड्यांसारख्या पाण्यात तरंगतात आणि उजेडाकडं झेपावतात. टाकीच्या एका कोपऱ्यात बॅटरी लावून कपानं उचलायच्या, गोल फिरत्या पाण्याच्या भांड्यात सोडायच्या. त्यांचं लहानपण लांबलचक, त्यात त्या एकमेकींनाही खातात. जागं राहून पहारा करावा लागतो, आणि त्या नेमक्या तुमचा डोळा लागल्यावर निघतात. सकाळी मादी मोकळी झालेली असते, पाणी स्वच्छ. टाकीत कोळंबीचा तुकडा सोडावा, तर एरवी बोटाला झोंबणारे मासे त्याच्याकडं ढुंकूनही बघत नाहीत. त्यांची पोटं बघून समजायचं.