बोरॉनचा कँटिलिव्हर लावला की आवाज सुधारतोच, हे खरं नाही

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूरकडच्या रेकॉर्ड ऐकणाऱ्यांमध्ये सध्या एक मजकूर फिरतोय. त्यातलं म्हणणं असं: कार्ट्रिजचा (रेकॉर्डच्या खाचेतली हालचाल विजेत बदलणाऱ्या, सुई बसवलेल्या भागाचा) आवाज ठरवतो तो कँटिलिव्हर, म्हणजे सुईचं टोक जिच्यावर बसतं ती बारीक दांडी. अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर आवाज स्वस्तातला आणि बोथट. बोरॉनमधून ध्वनी तिप्पट वेगाने जातो, म्हणून त्याचा आवाज चपळ. माणकाचा आवाज ऊबदार, नीलमचा थंड, आणि हिऱ्यापुढे कुणीच नाही. हे वाचून नांदेडच्या एका मित्राने उत्तम चालणारं कार्ट्रिज विकायला काढलं. त्याला थांबवलं, पण मजकूर अजून फिरतोच आहे, म्हणून हे सविस्तर उत्तर.

आधी वेगाचं बघू. अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक दांडीतून ध्वनी सेकंदाला सुमारे ५ हजार मीटर जातो आणि बोरॉनमधून त्याच्या अडीच-तीन पट वेगाने, हे खरंच आहे. पण कँटिलिव्हर असतो जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा. सहा मिलिमीटर पार करायला अ‍ॅल्युमिनियमला १.२ मायक्रोसेकंद लागतात. २० किलोहर्ट्झच्या स्वराचं एकच आवर्तन ५० मायक्रोसेकंदांचं असतं. बोरॉनने वाचवलेला जेमतेम एक मायक्रोसेकंद कुठल्याच कानाला कळणार नाही. शिवाय कँटिलिव्हर लांबीच्या दिशेने हलत नाही, तो आडवा डोलतो. त्यामुळे बघायचं ते दोनच गोष्टींकडे: तो वाकतो किती आणि त्याचं वजन किती.

इथे बोरॉनचा फायदा आहे, तो नाकारायचं कारण नाही. सुईच्या टोकाशी जाणवणारं वजन आणि रेकॉर्डच्या व्हिनाइलची लवचीकता मिळून वरच्या पट्टीत एक अनुनाद तयार होतो, म्हणजे एका ठरावीक स्वराला कंपन जास्तच वाढतं. वजन कमी आणि ताठपणा जास्त असेल तर तो आणखी वर सरकतो, ऐकू येणाऱ्या पट्ट्याबाहेर. बोरॉन अ‍ॅल्युमिनियमच्या पाच-सहा पट ताठ आहे आणि थोडा हलकाही आहे. मजकूर इथेच थांबतो. आकाराचा हिशेब त्यात कुठेच नाही. अ‍ॅल्युमिनियमची असते पोकळ नळी, तर आजचा बोरॉन बहुतेक वेळा भरीव काडी असतो. पोकळ बांबू त्याच वजनाच्या भरीव काठीपेक्षा कमी वाकतो, तेच इथेही होतं. नमुन्यादाखल बाहेरून ०.५ आणि आतून ०.४ मिलिमीटर व्यासाची अ‍ॅल्युमिनियमची नळी घ्या आणि ०.२८ मिलिमीटरची बोरॉनची काडी घ्या. वाकण्याला दोघींचा विरोध जवळपास सारखाच निघतो. बोरॉन हलका ठरतो तो वीस-पंचवीस टक्क्यांनी. त्यातही एका टोकाशी टेकलेल्या सरळ दांडीच्या वजनाचा फक्त एक तृतीयांश भाग सुईच्या टोकाशी जाणवतो, तर टोकावरचा हिरा आणि त्याला धरून ठेवणारा गोंद यांचं वजन पुरतं मोजलं जातं. म्हणून दांडी बदलण्यापेक्षा हिरा लहान केला तर अनेकदा जास्त पदरात पडतं.

माणीक आणि नीलम हा तर एकच पदार्थ आहे, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. क्रोमियमचा अंश असला की तो लाल दिसतो. ताठपणा तोच, घनता तीच. एक ऊबदार आणि दुसरा थंड कसा होईल? हिऱ्याचा कँटिलिव्हर मात्र खराच ताठ असतो, पण जाहिरातीत ‘डायमंड’ दिसलं की आधी विचारा, दांडी हिऱ्याची की फक्त टोक? टोक तर बहुतेक सगळ्याच सुयांचं हिऱ्याचं असतं.

अ‍ॅल्युमिनियम म्हणजे हलका माल, याला डेनॉनचं डीएल-१०३ हे पुरेसं उत्तर आहे. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी १९६०च्या दशकात घडलेलं हे कार्ट्रिज अ‍ॅल्युमिनियमवरच चालतं आणि आजही मिळतं. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत कार्ट्रिज तेच, दांडी अ‍ॅल्युमिनियमचीच, बदलतो तो टोकाचा घाट. आणि तो फरक स्पष्ट ऐकू येतो. कारण साधं आहे. एलपीच्या आतल्या वर्तुळांत, केंद्रापासून ६ सेंटिमीटरवर, १० किलोहर्ट्झची लाट जेमतेम २१ मायक्रॉन लांब असते. १५ मायक्रॉन त्रिज्येचं गोल टोक त्या वळणात नीट उतरत नाही. विलंबित ख्याल बाहेरच्या बाजूला छान वाजतो आणि शेवटची द्रुत बंदिश फाटते, ती बहुतेकदा याने, नाहीतर चुकलेल्या अलाइनमेंटने, म्हणजे कार्ट्रिज योग्य कोनात न बसल्याने. दांडीवर ठपका उगाच बसतो.

ऑर्टोफोनचं २एम ब्लॅक आणि त्याचीच एलव्हीबी २५० ही २०२०ची आवृत्ती, अशी एक तुलना नेहमी पुढे केली जाते. दुसऱ्यात बोरॉन आहे, टोक दोन्हींत शिबाता या बारीक घाटाचंच आहे. पण तिथे दांडीबरोबर तिला आत पेलून धरणारं रबरही बदललं आहे. मग ऐकू आलेला फरक एकट्या बोरॉनच्या नावावर कसा मांडणार?

‘बोथट’ आवाजाचं आणखी एक कारण कुणी तपासतच नाही, ते म्हणजे केबल. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमध्ये दांडीबरोबर चुंबक हलतो. त्यातल्या तारेच्या गुंडाळीचं इंडक्टन्स ५०० मिलिहेन्री असेल आणि केबल व प्रीअ‍ॅम्प मिळून तिच्यावर एकूण २०० पिकोफॅरड भार (कपॅसिटन्स) असेल तर विद्युत अनुनाद १६ किलोहर्ट्झच्या आसपास येतो. भार ४०० झाला की तो ११ किलोहर्ट्झवर उतरतो आणि त्याच्या वरचे स्वर दबतात. केबल आणि फोनो प्रीअ‍ॅम्प (कार्ट्रिजचा क्षीण संकेत वाढवणारं यंत्र) बघण्याआधी कँटिलिव्हर बदलू नका.

आपल्या भागात तर दांडीपेक्षा तिला पेलणाऱ्या रबराची काळजी मोठी. परभणीत थंडीत पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि मे महिन्यात चाळिशी ओलांडतो. कार्ट्रिजच्या कागदावरचे आकडे साधारण विशीतल्या तापमानाचे असतात. थंडीत रबर आखडतं, सुई खाच सोडू बघते आणि तारसप्तकातल्या ताना चरचरतात. अशा वेळी खोली थोडी उबदार होऊ द्या आणि सुईचा रेकॉर्डवरचा भार कंपनीने दिलेल्या मर्यादेतल्या वरच्या टोकाला ठेवा. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत प्लेअर ठेवू नका, उष्णतेने रबर लवकर म्हातारं होतं.

शेवटचं, पैशाचं. साफ करताना कापडाचा धागा अडकला तर अ‍ॅल्युमिनियम बहुधा वाकतो, बोरॉन किंवा नीलम सरळ तुटतो. मूव्हिंग मॅग्नेटची सुई ओढून काढता येते आणि नवी घरीच बसवता येते. मूव्हिंग कॉइलची (ज्यात चुंबकाऐवजी तारेची गुंडाळी हलते) दांडी तुटली तर पूर्ण कार्ट्रिज दुरुस्तीला किंवा बदलून घ्यायला पाठवावं लागतं. नांदेडच्या मित्राला मी हेच सांगितलं: कार्ट्रिज ठेव, त्यालाच बसणारी मायक्रोलाइन या बारीक घाटाच्या टोकाची सुई घे आणि उरलेल्या पैशांत सुईचा भार मोजणारा एक नीट तराजू आणि कार्ट्रिजचा कोन जुळवायचा प्रोट्रॅक्टर आण.